सांगणारीचा अधिकार : 'सांगत्ये ऐका'चे पुनर्वाचन

हंसा वाडकर (१९२३–१९७१) यांच्या 'सांगत्ये ऐका' (१९७०) या आत्मकथनाला वाचक भरपूर लाभले. त्याची चर्चा मात्र बहुधा 'धाडसी कबुली' या एकाच सदराखाली झाली. कबुली देणाऱ्याने अपराध आधीच मान्य केलेला असतो. या संहितेत तसा अपराधभाव शोधूनही फारसा सापडत नाही. घराच्या मिळकतीसाठी बालवयातच कॅमेऱ्यासमोर उभे राहणे, विवाह, घर सोडणे, मद्य, फसगत हे सारे येथे येते. पण त्याला ना पश्चात्तापाचा सूर आहे, ना समर्थनाचा.

रतन साळगावकर ही मुलगी 'विजयाची लग्ने' (१९३६) या चित्रपटापासून हंसा वाडकर झाली. पुढे 'संत सखू'मधील (१९४१) सोशिक सून आणि 'लोकशाहीर रामजोशी'मधील (१९४७) तमाशातली स्त्री या दोन टोकांच्या प्रतिमा एकाच देहावर चढवल्या गेल्या. आत्मकथनाचे शीर्षकही अनंत माने यांच्या १९५९च्या तमाशापटाचे. म्हणजे स्वतःविषयी बोलताना वाडकरांना उद्गार मिळाला तो भूमिकेकडूनच. तथापि फडावरच्या त्या आवाहनात एक हुकमतही आहे : 'ऐका' हे आज्ञार्थी क्रियापद आहे आणि श्रोत्याची जागा तेच ठरवते.

हे कथन अरुण साधू यांनी शब्दांकित केले व 'माणूस'मधून ते प्रथम वाचकांसमोर आले. छापील संहितेतील कोणते वाक्य सांगणारीचे आणि कोणते लिहिणाऱ्याचे, हा प्रश्न म्हणूनच टाळता येत नाही. दुर्गा खोटे यांच्या 'मी, दुर्गा खोटे'शी (१९८२) तुलना येथे उपयुक्त ठरते. 'अयोध्येचा राजा'पासून (१९३२) 'भाऊबंदकी', 'राजमुकुट' या नाटकांपर्यंतची कारकीर्द मांडणाऱ्या त्या ग्रंथाचा 'मी' सुशिक्षित, सावध आणि आपल्या प्रतिष्ठेची जाण असलेला आहे. (त्या 'मी'ला जोडलेले आडनाव सासरचे आहे, हेही नजरेआड करण्याजोगे नाही.) वाडकरांपाशी असे कुळाचे कवच नव्हते. त्यांचे निवेदन कालक्रम मोडते, कारणे देत बसत नाही, एखादा भीषण प्रसंग दोन वाक्यांत सांगून पुढे सरकते. ही त्रुटी नव्हे; मौखिक कथनाची ती रीतच आहे.

श्याम बेनेगल यांच्या 'भूमिका'ने (१९७७) हा आवाज नेमका वगळला. स्मिता पाटील यांचा अभिनय असामान्य आहे, यात वाद नाही. पण तेथील उषा सांगत नाही, ती दिसते. पुस्तकात जी श्रोत्याला बसवून घेते, ती पडद्यावर पुन्हा प्रेक्षकाच्या नजरेचा विषय होते. २०१३च्या इंग्रजी अनुवादाने तर शीर्षकच 'तुम्ही विचारता, मी सांगते' अशा अर्थाचे केले. मूळ शीर्षकात विचारणारा कोणीच नाही.