कच्चं मडकं

लिहिणं सोपं, वाचणारा मिळवणं अवघड. आमच्या धाराशिवाला उस्मानाबाद म्हणत तेव्हा कविता ऐकवायची तर चहा पाजावा लागे. कविता लांबलचक असली तर सोबत कुंथलगिरीचा पेढा. पेढा संपेपर्यंत समोरचा 'वा, वा' म्हणे. व्यवहार रोखीचा, आणि तो दोघांनाही ठाऊक असे.

आता ही सोय मोबाइलवर झाली आहे. २०१६ साली स्टीमिट नावाचं लेखनाचं दुकान निघालं. लेख टाकायचा, सात दिवस पसंती गोळा करायची आणि त्या मानाने नाणी घ्यायची. नाणी अर्थात डोळ्यांना न दिसणारी! २०१९ पासून तर निम्मा वाटा पसंती देणाऱ्यांचा. शिवाय ज्याची तिथली गुंतवणूक मोठी, त्याच्या पसंतीचं वजनही मोठं. अहो, आमच्या सहकारी साखर कारखान्यातसुद्धा सभासदाला मत एकच असतं, मग ऊस एकरभर असो की शंभर एकर!

असल्याच एका दुकानात (नाव सांगत नाही, माझे सव्वा रुपये अजून तिकडेच आहेत) मी नवखा म्हणून शिरलो. पहिला लेख तेरच्या गोरोबाकाकांवर लिहिला. सात दिवसांत वाचक एक. तो मीच.

जाणकार म्हणाले, "आधी दुसऱ्यांच्या दारात जा, 'सुंदर' म्हणून या. मग तेही येतील." म्हणजे हळदीकुंकवाचाच हिशेब. मी रोज चाळीस दारं फिरू लागलो. चाळीस दारं फिरणारा माणूस आत डोकावत नाही. एका गृहस्थांनी वडील गेल्यावर लिहिलं होतं. त्याखाली मी 'अप्रतिम! पुढील भागाच्या प्रतीक्षेत' असं ठोकून आलो.

माझ्या दुसऱ्या लेखाला चाळीस 'सुंदर' मिळाले. मी हरखून तो तेरच्या मामांना दाखवला. मामा निवृत्त शिक्षक. चष्मा पुसून त्यांनी सबंध वाचला.

"अरे, तिसरा परिच्छेद दोनदा छापलायस."

चाळिसांपैकी एकालाही ते दिसलं नव्हतं. मला घाम फुटला. लेखापेक्षा त्या वडिलांच्या लेखामुळे जास्त.

गोरोबाकाकांची कथा आपल्याला ठाऊकच आहे. थापटण्याने एकेका संताचं डोकं ठोकून त्यांनी कोण पक्का ते पाहिलं. नामदेवांनी कुरकुर केली आणि ते कच्चे ठरले. पुढे गुरूकडे गेले ते त्यामुळेच. आता समजा, प्रत्येक 'पक्कं'मागे गोरोबाकाकांना एक नाणं मिळणार असतं? नामदेव कच्चेच राहिले असते आणि काकांनी मडकी घडवणं सोडून दिलं असतं!

लेखकाला पैसे मिळू नयेत असं माझं म्हणणं नाही. तसं म्हणणारे बहुधा प्रकाशक असतात. पण लिहिण्याचे पैसे वेगळे आणि वाहवेचे वेगळे. वाहवेला भाव आला की वाचायला सवड राहत नाही. पेढा खाणारा निदान ऐकत तरी होता.

त्या रात्री मी त्या गृहस्थांचा लेख सबंध वाचला आणि माफीची चार ओळींची चिठ्ठी पाठवली. त्यांचं लांब उत्तर आलं. आता माझे वाचक दोन : एक मामा, एक ते. हा लेखही दोघांना दाखवला.

दोघांचंही म्हणणं, शेवट कच्चा आहे. ठीक आहे, पुन्हा भट्टीत घालतो.