कागद नाही, मग काय आहे?

वक्ता हातात कागद न घेता तासभर बोलला, की आपण लगेच म्हणतो, 'काय उत्स्फूर्त बोलला!' कोंढ्याच्या या सभेत आम्हाला त्या कौतुकाचीच जरा तपासणी करायची आहे. कागद नसणं हा गुण नव्हे. कागदाच्या जागी काय आहे, हे बघायला हवं.

नारदीय कीर्तनच घ्या. नमन, पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान, हा सांगाडा ठरलेला. तो पक्का असतो म्हणून कीर्तनकाराला श्रोत्यांकडे बघायला सवड मिळते. पण तेच आख्यान, तोच विनोद, टाळीसाठी थांबायची तीच जागा असं गावोगाव सुरू झालं, की पाठांतर हाच कागद होतो. फक्त तो दिसत नाही.

गाडगेबाबांचं कीर्तन इथे वेगळं पडतं. १८७६ साली अमरावती जिल्ह्यात जन्मलेले बाबा शाळा शिकलेले नव्हते. म्हणून ते तयारीविना बोलत असं मानणं मात्र चूक. दिवसा खराटा घेऊन गाव झाडायचं आणि रात्री त्याच गावात कीर्तन करायचं, ही त्यांची रीत. आमच्या मते त्यांचं टिपण त्या झाडण्यातच तयार होई. गल्ली झाडणाऱ्याला गावाचं जे दिसतं, ते पाहुण्या वक्त्याला दिसत नाही.

कर्ज काढून केलेले सण, दारू, नवसाचं बकरं, पोरांची शाळा, हे त्यांचे नेहमीचे विषय. ते प्रश्न टाकत, लोक उत्तर देत, आणि त्या उत्तराला धरून पुढचा प्रश्न येई. निष्कर्ष वक्त्याचा न राहता श्रोत्याच्याच तोंडून निघे.

यावर आक्षेप घेता येतो. गर्दीचा होकार सोपा असतो. रात्री 'नाही कापणार' म्हणणारा सकाळी बकरं कापू शकतो. आक्षेप खरा आहे. पण बाबा होकारावर थांबले नाहीत. नाशिक, पंढरपूर, आळंदीच्या धर्मशाळा त्यांच्या बोलण्यामागे उभ्या होत्या.

नोव्हेंबर १९५६ मधलं त्यांचं बांद्र्याचं शेवटचं कीर्तन ध्वनिमुद्रित झालं. २० डिसेंबरला बाबा गेले. अशी कीर्तनं नुसती कागदावर वाचली तर पुनरुक्ती खटकते. पण समोरून उत्तर येईपर्यंत प्रश्न पुन्हा विचारावाच लागतो ना! छापताना लोकांचे आवाज गाळले, की अर्धं कीर्तनच गळतं. आमचं हे भाषण लिहून काढणाऱ्यांनीही तेवढं सांभाळावं.

झाडीपट्टीत हे नवं नाही. दंडार आणि खडी गंमत बघणारे तुम्ही लोक. समोरच्याचं बोलणं झेलून उत्तर देणारा कोण आणि घोकून आलेला कोण, हे तुम्हाला लगेच कळतं. तीच नजर प्रवचनालाही लावा. पुढच्या वेळी कुणी कागदाविना बोलून गेला, की एवढंच विचारा: हेच बोलणं पवनीत जसंच्या तसं चाललं असतं का? चाललं असतं, तर तो कोंढ्याशी बोललाच नाही.