पाहणारे झाले, काढणारे कुठे आहेत?

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात जपानी अ‍ॅनिमे पाहणारा प्रेक्षक आता नवखा राहिलेला नाही. डोंबिवलीहून सीएसएमटीला जलद लोकलनेही सव्वा तासाच्या आसपास लागतो आणि मालिकेचा एक भाग साधारण चोवीस मिनिटांचा असतो. एका फेरीत दोन-तीन भाग आरामात होतात. बारा-तेरा भागांची मालिका आठवडाभराच्या नोकरीच्या प्रवासात संपते. 12 सप्टेंबर 2025 रोजी ‘डीमन स्लेअर: इन्फिनिटी कॅसल’ हा चित्रपट भारतात लागला, तो मूळ जपानीसोबत हिंदी, तमिळ, तेलुगू आवाजांतही. वर्षाला दोन-चार मालिका पाहणारा साधा प्रेक्षकही आता तिकीट काढून जातो, हे वितरकांनी ओळखले आहे. प्रश्न त्या पुढचा आहे. इथला प्रेक्षक जाणता झाला, पण त्याची हौस पाहण्यावर आणि विकत घेण्यावरच थांबली आहे. जपानमध्ये या कलेला बळ मिळाले ते चाहत्यांच्या हातच्या कामातून. हौसेची ही दुसरी बाजू आपल्याकडे जवळपास रुजलेलीच नाही, आणि तिला लागणारी माती मात्र याच शहरांत तयार आहे, असे माझे म्हणणे आहे.

आपल्याकडचा या कलेचा इतिहास पाहिला तर तो बहुतांशी वाहिन्यांनी दिलेल्या वस्तूंचा इतिहास आहे. निप्पॉन अ‍ॅनिमेशनने 1989 मध्ये केलेली ‘जंगल बुक’ची 52 भागांची मालिका 1993 मध्ये दूरदर्शनवर आली. गुलजारांचे शब्द आणि विशाल भारद्वाजांचे संगीत यांमुळे ती इतकी आपली वाटली की तिचे चित्र जपानी हातांनी काढले आहे, हे बहुतेक घरांत कुणाच्या ध्यानातही आले नसेल. मग कार्टून नेटवर्क आले, 2004 मध्ये हंगामा आले. डोरेमॉन आणि शिनचॅन मराठी घरांत शिरले ते हिंदी बोलत. मोठ्यांसाठीचे अ‍ॅनिमे दाखवणारी अ‍ॅनिमॅक्स ही वाहिनी 2004 मध्ये सुरू झाली आणि 2017 मध्ये बंद पडली. तोवर प्रेक्षक मोबाइलकडे वळला होता. या सगळ्या वाटचालीत प्रेक्षकाने स्वतःहून काही घडवून आणल्याचा एक ठळक प्रसंग 2019 चा. माकोतो शिनकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ भारतात लागावा म्हणून चाहत्यांनी सह्यांची मोहीम चालवली आणि त्या ऑक्टोबरमध्ये तो खरोखर लागला. तीही मागणी पाहायला मिळावे एवढीच होती, हे खरे. पण एकत्र आल्यावर काय होते, हे त्या मुलांना तेव्हा कळले.

आवडीनिवडीचे चित्र थोडे एकसुरी आहे. ‘नारुतो’, ‘वन पीस’, ‘अटॅक ऑन टायटन’, ‘डेथ नोट’, ‘जुजुत्सू कायसेन’ या किशोरांसाठीच्या किंवा त्या वळणाच्या मालिकांवरच बहुतेकांची गाडी थांबते, आणि त्यांच्यावरची चर्चा कोण कुणाला हरवेल यापलीकडे क्वचित जाते. ‘अटॅक ऑन टायटन’ दहा वर्षांनी 2023 मध्ये संपली. सूडाची साखळी बळी पडलेल्यालाच मारेकरी कशी बनवते, हा तिचा गाभा. एखाद्या मराठी नाटकाने तो विषय हाताळला असता तर त्यावर परिसंवाद झाले असते. मालिकेच्या वाट्याला शेवट आवडला की नाही एवढाच वाद आला. ‘मुशिशी’सारखी शांत, निसर्गाशी बोलणारी मालिका किंवा ‘मार्च कम्स इन लाइक अ लायन’सारखी एकाकी तरुणाची गोष्ट फार थोड्यांपर्यंत पोहोचते. या लेखाच्या दृष्टीने सगळ्यांत मोलाची मालिका आणखी वेगळी आहे: मासाआकी युआसा यांनी दिग्दर्शित केलेली 2020 ची ‘कीप युअर हँड्स ऑफ एइझोकेन’. भाग फक्त बारा. शाळेतल्या तीन मुली स्वतःचे अ‍ॅनिमे करायला घेतात. आसाकुसा जगाची रचना कल्पते, मिझुसाकीला हालचाल चितारायचे वेड आहे, आणि कानामोरीला चित्रातले काही येत नाही; ती पैसे उभे करते, मुदत पाळायला लावते, काय गाळायचे ते ठरवते. चित्र काढणाऱ्या दोघींइतकीच ती कलाकृतीची निर्माती आहे, असे ही मालिका ठामपणे सांगते.

ही नुसती कल्पना नाही. डिसेंबर 1975 मध्ये टोकियोत कॉमिकेटचा पहिला मेळा भरला, तेव्हा त्यात 32 गट होते आणि आलेले लोक सातशेच्या आसपास. चाहत्यांनी स्वतः काढलेली, स्वतः छापलेली पातळ पुस्तके टेबलावर मांडून स्वतःच विकायची, एवढाच त्याचा व्यवहार. आज त्याच मेळ्याला लाखोंची गर्दी होते. क्लॅम्प हा चित्रकार मैत्रिणींचा गट अशाच हौशी पुस्तिकांतून पुढे आला. ओसाकात 1981 आणि 1983 मध्ये झालेल्या विज्ञानकथा संमेलनांसाठी काही विद्यार्थ्यांनी उद्घाटनाला दाखवायचे अ‍ॅनिमेशन लघुपट केले. त्यांच्यातूनच गायनॅक्स ही संस्था उभी राहिली आणि त्यांतल्या हिदेआकी आन्नो यांनी 1995 मध्ये ‘इव्हँजेलियन’ दिले. ओताकू, म्हणजे या कलेचा कट्टर चाहता, हा खोलीत कोंडून घेणारा वस्तुसंग्राहक असतो, ही समजूत या इतिहासापुढे टिकत नाही. संग्रह होताच, पण त्याच्या शेजारी कागद, शाई आणि छपाईचे बिलही होते.

आपल्याकडे मात्र हौस मोजली जाते ती खरेदीवरून. शेल्फावरच्या मूर्ती, किचेन, पोस्टर, छापील टी-शर्ट. त्यात वाईट काही नाही. आवडत्या पात्राची मूर्ती घरात असावी असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ती घेतल्यावर हातून पुढे काही घडत नाही. याला सन्माननीय अपवाद कॉस्प्लेचा, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करून वावरण्याचा. मुंबई कॉमिक कॉनला ‘डीमन स्लेअर’मधल्या तान्जिरोचा हिरव्या-काळ्या चौकड्यांचा हाओरी अंगरखा घालून जायचे तर कापड शोधावे लागते, बेतावे लागते, तलवार फोमची कापून रंगवावी लागते. ही खरी कारागिरी आहे आणि तिची थट्टा करणाऱ्यांना शिलाईची किंमत माहीत नाही. ज्या डोंबिवलीत 1999 पासून गुढीपाडव्याची स्वागतयात्रा निघते आणि दिवाळीच्या पहाटे फडके रोड नटूनथटून आलेल्या तरुणाईने फुलतो, तिथे वेशभूषेची हौस परकी म्हणणे तर अगदीच चुकीचे. तरीही कॉस्प्लेत पात्र दुसऱ्याचे असते. गोष्ट आपली असण्याची पायरी अजून बाकी आहे.

इथे पहिला आक्षेप येतो: ही कला जपानची, तिची नक्कल करून काय मिळणार? नक्कल करून खरेच काही मिळत नाही. ‘सूरज: द रायझिंग स्टार’ ही 2012 ची मालिका त्याचा पुरावा आहे. बेसबॉलवरच्या गाजलेल्या जपानी कथेत क्रिकेट आणि मुंबई घातली गेली, पण मुंबई पार्श्वभूमीलाच राहिली. मालिकेने ठसा उमटवला नाही. उलट बाजूला जपानचे युगो साको आणि आपले राम मोहन यांनी मिळून केलेला ‘रामायण’ हा अ‍ॅनिमेशनपट आहे, जो जानेवारी 2025 मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत आला. आणि चित्र हलवण्याची कला आपल्याला परकी मुळीच नाही. दादासाहेब फाळक्यांनी 1915 मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ केली, 1934 मध्ये प्रभातने ‘जंबू काका’ केला. आपल्या काळात गीतांजली राव यांनी ‘बॉम्बे रोझ’ चौकटीमागून चौकट रंगवून उभा केला. ‘तोत्तोचान’ मराठीत आपले म्हणूनच वाचले गेले, आणि त्याच पुस्तकावर जपानने 2023 मध्ये अ‍ॅनिमे चित्रपट केला. देवाणघेवाणीची वाट जुनी आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर: रोजचे तीन तास लोकलमध्ये घालवणाऱ्या, दोन खोल्यांत राहणाऱ्या मुलाने चित्रकथा कधी आणि कुठे काढायची? अडचण खरी आहे आणि ती कुणी हसण्यावारी नेऊ नये. पण याच लोकलमधून उतरून माणसे रात्री एकांकिकांच्या तालमी करत आली आहेत. गडकरी रंगायतन, आचार्य अत्रे रंगमंदिर, सावित्रीबाई फुले नाट्यगृह यांच्या रंगमंचांवर हौशी कलावंत उभे राहिले ते असेच. तिथे वर्गणी गोळा करणारा, तारीख मिळवणारा, नेपथ्याचा टेम्पो ठरवणारा एक माणूस हमखास असतो. इथे कानामोरी आहेत. त्या अजून नाटकवाल्यांकडेच आहेत. चित्रकथेला तर नाट्यगृहही लागत नाही. सोळा पानांच्या पुस्तिकेला झेरॉक्सचे दुकान आणि स्टेपलर पुरतो.

तिसरा आक्षेप अगदी ताजा. मार्च 2025 मध्ये घराघरांतले फोटो कृत्रिम बुद्धिमत्तेकडून एका रात्रीत जपानच्या घिबली स्टुडिओच्या शैलीत बदलून मिळू लागले. मग हाताने काढायचे कशाला? त्याच घिबलीच्या हायाओ मियाझाकींच्या ‘द बॉय अँड द हेरॉन’च्या कामाला सातेक वर्षे लागली आणि 2024 चे ऑस्कर त्याला मिळाले. ती वर्षे शैलीसाठी गेली नाहीत. एखादा मुलगा जिना कसा चढतो, दुःखात त्याचे हात कसे वागतात, हे पाहण्यासाठी गेली. यंत्राने दिलेल्या चित्रात ते पाहणे कुणीच केलेले नसते. चाळीचा गच्चीवरचा जिना, पावसात मुंब्र्याच्या डोंगरावरून उतरणारे पाणी, कल्याणच्या खाडीवरची संध्याकाळ, सात वाजून काही मिनिटांच्या लोकलमधली चौथी सीट: हे पाहिलेली मुले इथेच आहेत.

म्हणून मागणी लहान आणि स्पष्ट आहे. 1909 मध्ये का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपण नव्या लेखकांना वर्षातून एकदा हक्काची जागा देत आलो आहोत. यंदा ठाणे-कल्याण-डोंबिवलीतून निघणाऱ्या प्रत्येक दिवाळी अंकाने पंचविशीच्या आतल्या चित्रकाराच्या मराठी चित्रकथेला आठ पाने द्यावीत आणि त्यांचे मानधन लेखकाच्या बरोबरीने द्यावे. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाने आणि कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयाने वर्षातला एक रविवार हौशी पुस्तिकांच्या टेबलांसाठी मोकळा ठेवावा. आणि चाहत्यांनो, पुढची मूर्ती मागवण्याआधी तेवढ्या पैशांत आपल्या गोष्टीच्या किती प्रती निघतील, ते झेरॉक्सवाल्याला एकदा विचारून या.