‘जीवाणुभक्षक’ : एका पारिभाषिक शब्दाची चिकित्सा

प्रस्तावना :
पारिभाषिक शब्द वस्तूला केवळ नाव देत नाही. त्या वस्तूविषयी वाचकाचे मतही घडवितो. ‘बॅक्टेरिओफाज’ या संज्ञेसाठी मराठीत ‘जीवाणुभक्षक’ हा शब्द वापरला जातो. अन्नातून व पाण्यातून होणाऱ्या विषबाधेच्या संदर्भात हा शब्द अपुरा व दिशाभूल करणारा आहे, असे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

शब्दाची घडण :
फेलिक्स द’हेरेल यांनी १९१७ मध्ये ग्रीक भाषेतील ‘खाणे’ या अर्थाच्या धातूवरून ही संज्ञा रूढ केली. मराठीने ‘भक्षक’ घेतला. उर्दूत ‘खोर’ जोडून ‘जरासीमखोर’ असा शब्द होतो. वस्तुतः हा विषाणू काहीच खात नाही. तो जीवाणूला चिकटतो, आपले जनुकद्रव्य आत सोडतो, त्याच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती करवून घेतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. फारसी ‘खोर’ मराठीत आल्यावर निदान सवयीचा वाचक झाला. भांडखोर माणूस भांडण खात नाही. ‘भक्षक’ शब्दाला मात्र ही सवलत नाही.

शब्दाने झाकलेली बाजू :
याहून गंभीर बाब अशी की, यांतील अनेक विषाणू जीवाणूला लगेच मारीत नाहीत. ते आपले जनुकद्रव्य त्याच्या गुणसूत्रात गुंफून बिऱ्हाडकरूसारखे राहतात आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याबरोबर वाढतात. काही येताना विषाचे जनुकही आणतात. शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये कोलकात्यात पटकीच्या जंतूचे विष प्रयोगाने सिद्ध केले. त्या विषाची जनुके मुळात एका विषाणूची आहेत, हे वॉल्डोर व मेकालानोस यांनी १९९६ मध्ये दाखविले. २०११ मध्ये जर्मनीत मोड आलेल्या मेथीतून ई. कोलाय जीवाणूची साथ पसरली. सुमारे ३,८०० लोक आजारी पडले, ५० हून अधिक दगावले. त्या जीवाणूला शिगा विष देणारा असाच एक बिऱ्हाडकरू होता. डीएनएला इजा करणारी काही प्रतिजैविके अशा विषाणूला जागे करतात व विष वाढू शकते. म्हणून रक्ती जुलाबात मनाने गोळ्या घेणे धोक्याचे ठरते.

नदीजलाचा दाखला :
आग्रा येथील जीवाणुतज्ज्ञ अर्नेस्ट हॅन्किन यांनी १८९६ मध्ये गंगा व यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात, असे नोंदविले. लोकप्रिय लेखनात हा दाखला ‘भक्षक’ शब्दाशी जोडून नदी स्वतःला शुद्ध करते, असे सांगितले जाते. क्षिप्राकाठच्या उज्जैनमध्ये, शिंदेशाहीपासून मराठी रुजलेल्या या शहरात, फ्रीगंजच्या वाचकालाही हे ऐकून समाधान वाटते. परंतु हे विषाणू जीवाणूच्या पेशीतच वाढू शकतात. आतड्यातील जीवाणूंवर वाढणारे विषाणू पाण्यात विपुल असणे हा त्या पाण्यात मैला मिसळल्याचा पुरावा मानला जातो. ज्याला रक्षक समजावे, तोच येथे साक्षीदार ठरतो.

दुसरी बाजू :
मारक विषाणूही आहेत, हे मान्य केले पाहिजे. मांसावरील लिस्टेरिया जंतूविरुद्ध सहा विषाणूंच्या मिश्रणाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००६ मध्ये परवानगी दिली. मात्र अशा वापरासाठी केवळ मारक प्रकार निवडावे लागतात आणि त्यांत विषाची जनुके नाहीत, हे तपासावे लागते. हा भेद जनुकशास्त्र करते. आपला शब्द करीत नाही.

समारोप :
‘जीवाणु-विषाणू’ ही मूळ संज्ञा ठेवून तिचे ‘मारक’ व ‘निवासी’ असे दोन भेद करावेत, असे सुचवावेसे वाटते. ‘विषाणू’ शब्दात ‘विष’ आहेच. पटकी आणि शिगा विषाच्या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे. पाठ्यपुस्तकांत हा भेद आला, तर नदीचे पाणी पिताना किंवा औषध घेताना वाचक ‘भक्षका’च्या भरवशावर राहणार नाही.