टायबाखचा कोपरा आणि तीन दिवसांचे नाटक

फराळाच्या ताटात कोणी कारल्याची भाजी वाढीत नाही आणि दिवाळी अंकात समीक्षा वाढण्याचे धाडस संपादकही जपूनच करतात. पण ज्या चित्राविषयी मला लिहायचे आहे ते एका लहान मुलाचे आहे, आणि त्याचे नावच मुळी ‘सणाच्या शुभेच्छा’ अशा अर्थाचे आहे. तेव्हा वाचक क्षमा करतील.

वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्ट टॅलबट नावाचे गाव आहे. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधल्या पट्टीत घरे व पोलादाचा अवाढव्य कारखाना. हा कारखाना आपल्याला अगदीच परका नाही. 2007 साली टाटांनी कोरस कंपनी विकत घेतली तेव्हापासून त्याचा धागा आपल्या मुंबईच्या बॉम्बे हाऊसपर्यंत येऊन पोचला आहे. रिचर्ड बर्टन याच गावाच्या टायबाख भागात वाढला. अँथनी हॉपकिन्सचा जन्म लगतच्या मार्गमचा. नाटकाचे वेड या मातीत जुने आहे.

2018 च्या डिसेंबरात टायबाखमधल्या एका साध्या गॅरेजच्या भिंतीवर चित्र दिसू लागले. ते आपलेच आहे असे बँक्सी या अज्ञात चित्रकाराने काही दिवसांतच जाहीर केले. चित्र गॅरेजच्या कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना आहे. एका बाजूला घसरगाडी घेतलेले एक पोर हात पसरून, जीभ बाहेर काढून पडणारे बर्फ झेलते आहे. कोपऱ्यावरून वळून पलीकडे गेले की कळते, ते बर्फ नव्हे. कचऱ्याची पेटी पेटली आहे आणि तिची राख उडते आहे.

सारी करामत त्या वळणात आहे. आधी पोराचा आनंद आपल्याला मिळतो, मग दोन पावले टाकली की तोच आनंद घशात अडकतो. चित्रकाराने भिंतीचा नव्हे, भिंतीच्या कोनाचा उपयोग केला आहे, आणि हे फार थोड्यांना सुचते. त्याने जी छोटी फिल्म प्रसिद्ध केली तिच्यात मागे बर्फाचे बालगीत वाजते, कॅमेरा पोरावरून आगीकडे सरकतो आणि मग वर वर जाऊन कारखाना दाखवतो. खिडकीच्या कट्ट्यावर बसणारी धूळ रोज पुसणाऱ्या गावाला याहून अधिक काय सांगायला हवे होते?

मी हे चित्र प्रत्यक्ष पाहिलेले नाही. फोटो आणि फिल्म एवढ्याच माझ्या साक्षी आहेत. तरी एक शंका मनातून जात नाही. हे चित्र गावाविषयी आहे, पण ते गावाला सांगितलेले आहे की गावाबद्दल जगाला सांगितलेले आहे? ज्या धुराड्याची राख पोराच्या जिभेवर पडते त्याच धुराड्यावर त्याच्या घरची चूल पेटत होती. चित्रात पहिली गोष्ट आहे, दुसरी नाही. बाहेरून येणाऱ्याला धूर लगेच दिसतो; पगाराचा दिवस दिसत नाही. मी याला खोट म्हणणार नाही, पण अपुरेपण नक्कीच म्हणेन.

पुढची कथा तर चित्राहूनही बोलकी आहे. हजारो माणसे त्या गल्लीत लोटली. गॅरेजचा मालक स्वतः पोलाद कारखान्यातला कामगार; त्या बिचाऱ्याच्या डोक्याला भलताच घोर लागला. राखणीच्या खर्चाला मायकेल शीन या नटाने हातभार लावला. 2019 च्या जानेवारीत एका चित्रविक्रेत्याने सहा आकडी रक्कम मोजून ते घेतले. मे महिन्यात भिंतीचा तो कोपरा कापून, उचलून, गावातल्याच एका जुन्या पोलीस ठाण्याच्या इमारतीत नेऊन ठेवला. तिथे काचेआडून तो पाहता येत असे. 2022 च्या फेब्रुवारीत तो तिथूनही हलला आणि इंग्लंडला गेला. ज्या चित्राचा अर्थ मागच्या धुराड्यांवर टेकलेला होता, ते धुराड्यांपासून तोडल्यावर उरले काय? एक गोंडस पोर आणि एक जळती पेटी. विकत घेणाऱ्याने भिंत घेतली. आकाश काही कुणाला कापून नेता आले नाही.

इथे मला त्याच गावातली, याच्या सात वर्षे आधीची दुसरी कृती आठवते, आणि माझे मत विचाराल तर ती या चित्राहून थोर आहे. 2011 च्या ईस्टरला, शुक्रवारच्या पहाटेपासून रविवारपर्यंत, सारे पोर्ट टॅलबट रंगभूमी झाले होते. नाव ‘द पॅशन’. संहिता ओवेन शीअर्सची. करणारे नॅशनल थिएटर वेल्स, वाइल्डवर्क्स आणि खुद्द गाव. याच गावात वाढलेल्या मायकेल शीनने त्यात ‘गुरुजी’ची भूमिका केली. येशूच्या अखेरच्या दिवसांची ही कथा, पण रोमन सैन्याच्या जागी गाव गिळायला आलेली एक कंपनी. हजाराहून अधिक गावकरी त्यात उतरले होते. अखेरचे भोजन कुठे, तर कामगारांच्या क्लबात, बिअर आणि सँडविचवर. आणि गायला ‘मॅनिक स्ट्रीट प्रीचर्स’ ही वेल्सचीच मंडळी. क्रूस उभा राहिला तो समुद्रकाठच्या रहदारीच्या चौकात. हे वाचून कोणी हसेल, पण आपल्याकडे देवळापुढच्या पटांगणात रात्रभर दशावतार पाहिलेल्या माणसाला ते नवल वाटू नये. ज्या रस्त्यावरून रोज भाजी आणायची त्याच रस्त्यावरून देव गेला पाहिजे, तरच तो आपला.

त्या नाटकातला एक क्षण मला फिल्ममध्येही भिडला. ‘गुरुजी’ची स्मृती गेलेली असते. क्रूसावर ती परत येते, आणि तो उपदेश करीत नाही. आठवते, आठवते, असे म्हणत गावातल्या गेलेल्या गल्ल्या, दुकाने, माणसे यांची नावे मोठ्याने घेऊ लागतो. 1966 साली उघडलेल्या मोठ्या रस्त्याने हे गाव मधोमध चिरले होते आणि घरांच्या रांगाच्या रांगा त्याखाली गेल्या होत्या. बाहेरच्याला ती नुसती यादी वाटेल. गर्दीतल्या कुणाची तरी आजी त्या यादीत होती. बँक्सीच्या चित्रात जे अपुरे वाटले ते इथे भरून निघते: धूरही आहे, चूलही आहे.

आणि हे नाटक कुणाला विकत घेता आले नाही. ‘द गॉस्पेल ऑफ अस’ या नावाची फिल्म 2012 मध्ये निघाली, इतकेच. बाकी सारे ज्यांनी पाहिले आणि केले त्यांच्यापाशी राहिले. उलट बाजूही सांगितली पाहिजे. चित्र विकले गेले म्हणून त्याचा बोभाटा जगभर झाला, नाटकाचा तेवढा झाला नाही. दिवाळी अंकाच्या वाचकांपैकी किती जणांनी त्याचे नाव यापूर्वी ऐकले होते, हे मी विचारीत नाही. मलाही ते उशिराच कळले.

2024 च्या जुलैत तिथली एक झोतभट्टी विझली आणि 30 सप्टेंबरला शेवटची. भंगार वितळवणारी विजेची भट्टी त्यांच्या जागी आणण्याचे ठरले. दरम्यान सुमारे दोन हजार नोकऱ्यांवर पाणी सुटले. निर्णय टाटांचा, म्हणजे काही अंशी आपल्याच गावच्या एका इमारतीतला. पोराच्या जिभेवर पडणारी ती राख आता त्या भट्ट्यांतून उडत नाही. ते चित्र आज टायबाखच्या कोपऱ्यावर असते, तर वळून पलीकडे गेलेल्या म्हाताऱ्या कामगाराला त्या आगीकडे पाहून नेमके काय वाटले असते, हे मला पुष्कळ दिवस विचार करूनही ठरवता आलेले नाही.