वर आणि वचन : उतारवयातील अपत्यजन्माच्या बायबलकथा आणि मराठी

निसर्गक्रमाने आशा सरल्यानंतर होणारा अपत्यजन्म हे बायबलमधील एक पुनरावृत्त आशयसूत्र आहे. ‘उत्पत्ती’त 100 वर्षांच्या अब्राहामाला आणि 90 वर्षांच्या सारेला इसहाक होतो, लूककृत शुभवर्तमानात वृद्ध याजक जखऱ्या आणि त्याची पत्नी अलीशिबा यांना योहान होतो. या कथा वाचताना भारतीय अभ्यासकाला दशरथाच्या पुत्रकामेष्टीची आठवण होणे स्वाभाविक आहे. मात्र हे साम्य घटनेपुरतेच आहे. कथाबंध तपासला असता दोन भिन्न तत्त्वे दिसतात : एक वराचे, दुसरे वचनाचे. या कथांच्या मराठी रूपांचा विचार या भेदापासून सुरू व्हावयास हवा.

पुराणकथेत असे अपत्य बहुधा तप, यज्ञ वा व्रताचे फळ असते. मागणारा मागतो, विधी करतो आणि प्रसन्न झालेली देवता देते. अब्राहामाच्या कथेत अपत्यप्राप्तीसाठी केलेला विधी नाही. वयाच्या 75 व्या वर्षी त्याला वचन मिळते आणि पूर्ती होते ती 25 वर्षांनी. कथेचे नाट्य या मधल्या काळात, म्हणजेच वचन घेणाऱ्याच्या अविश्वासात आहे. अब्राहाम हसतो, साराही हसते; इसहाक या नावातच ते हसू साठविलेले आहे. जखऱ्याची प्रार्थना ऐकली गेल्याचे देवदूत सांगतो, पण प्रार्थना करणाऱ्यालाच आता ती अशक्य वाटते. खूण मागितल्यावर त्याची वाचा जाते आणि पाटीवर मुलाचे नाव लिहिल्यावरच ती परत येते. वरकथेत साधकाची निष्ठा कसाला लागते. येथे निष्ठा डळमळली तरी वचन टळत नाही.

ही विभागणी सर्वत्र काटेकोर राहत नाही, हेही नोंदविले पाहिजे. शमुवेलाची आई हन्ना वृद्ध नाही. परंतु ती निपुत्रिक आहे आणि मूल झाल्यास ते परमेश्वराला वाहीन असा ती नवस करते. नवसाने झालेले मूल खंडोबाला वाहून त्याला वाघ्या वा मुरळी करण्याची प्रथा परिचित असलेल्या मराठी वाचकाला बायबलमधील ही कथा सर्वांत जवळची, आणि म्हणूनच सर्वांत अस्वस्थ करणारी वाटेल.

मराठीत हे कथाविश्व दोन वाटांनी आले. पहिली वाट गोव्याची. एकनाथांचा समकालीन असलेल्या फादर थॉमस स्टीफन्स (1549–1619) याचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राचोल येथे छापले गेले. त्याच्या पहिल्या पुराणात जुन्या करारातील कथानक आहे, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. पुराण हा घाट आणि ओवी हा छंद स्वीकारताना स्टीफन्सने वरकथांवर पोसलेला श्रोताही स्वीकारला. हा श्रोता वचनाची कथा वराच्या अपेक्षेने ऐकणार होता. घाटाचे हे साहाय्य होते आणि तोच धोकाही होता.

दुसरी वाट कोलकात्याची. फोर्ट विल्यम महाविद्यालयात मराठी शिकविणाऱ्या विल्यम केरीने वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने केलेला नवा करार 1811 मध्ये श्रीरामपूरला मराठीत प्रसिद्ध झाला. त्याच मुद्रणालयातून 1806 पासून वाल्मीकिरामायण इंग्रजी भाषांतरासह निघू लागले होते. पुत्रकामेष्टीचा पायस आणि जखऱ्याची पाटी अशा रीतीने अवघ्या काही वर्षांच्या अंतराने एकाच छापखान्यातून बाहेर पडली. महाविद्यालयाच्या संग्रहातील हजारो ग्रंथ पुढे कलकत्ता पब्लिक लायब्ररीकडे गेले; ती 1903 मध्ये इंपीरियल लायब्ररीत विलीन झाली, आणि 1923 मध्ये हे ग्रंथालय एस्प्लनेड ईस्ट येथे हलविले गेले. मराठी ग्रंथमुद्रणाच्या आरंभकाळाचा माग घेताना मुंबई-पुण्याबरोबर राचोल आणि श्रीरामपूर यांचीही नावे घ्यावी लागतात. केरीची वाट गद्याची होती. तेथे ओवीचा आधार नव्हता. त्यामुळे अर्थाचा सारा भार एकेका शब्दावर आला.

असाच एक शब्द म्हणजे ‘वांझ’. मराठी बायबलमध्ये तो रूढ आहे, आणि मराठी समाजात तो केवळ वर्णन नसून शिवी आहे. लूक मात्र जखऱ्या आणि अलीशिबा ही दोघेही निर्दोष होती असे आरंभीच सांगतो. अपत्यहीनता हे पापाचे फळ नव्हे, हे विधान त्या शब्दातील दूषणाला छेद देते. तरीही अलीशिबा गरोदर राहिल्यावर आपली अप्रतिष्ठा दूर झाल्याचे म्हणते, म्हणजे लोकांचा न्याय तिनेही स्वीकारलेलाच असतो. वचनाची कथा स्त्रीला दोषमुक्त करते, परंतु तिची प्रतिष्ठा पुत्रजन्मानेच परत देते. वर आणि वचन यांतील भेद मूलभूत असला, तरी या एका बिंदूवर दोन्ही परंपरा एकत्र येतात. ज्या अलीशिबेला योहान झालाच नाही तिची कथा दोहोंपैकी कोणीही सांगत नाही. तौलनिक अभ्यासाने साम्यभेदांची नोंद करताना या मौनाचीही नोंद घेतली पाहिजे.