मिझोगुचीचा ‘सांशो दायू’ आणि न घडलेला चमत्कार

जपानी चित्रपटाचा विषय निघाला की रसिकांच्या ओठी कुरोसावाचे नाव प्रथम येते, आणि त्यात वावगे काही नाही. तथापि खुद्द कुरोसावा ज्याला फार मानीत असे, तो केंजी मिझोगुची आपल्याकडे त्या मानाने कमीच परिचित आहे.

त्याचा जन्म १८९८ साली टोकियोत झाला. रशिया-जपान युद्धाच्या सुमारास वडिलांनी सैनिकांसाठी रेनकोट करण्याचा धंदा काढला. युद्ध संपले आणि धंदा बुडाला. दारिद्र्यापायी थोरली बहीण सुझु परक्या घरी दिली गेली व पुढे गेइशा झाली. आई वारल्यावर धाकट्या भावाला आधार दिला तो तिनेच. १९२३ पासून त्याने ८० च्या वर चित्रपट केले. त्यांतील मूकपट बहुतेक नष्ट झाले. परंतु जे उरले त्यांत विकली गेलेली, टाकली गेलेली, दुसऱ्यासाठी झिजलेली स्त्री पुनःपुन्हा भेटते. तिचे मूळ शोधण्यास फार दूर जावयास नको.

१९५४ च्या ‘सांशो दायू’ला व्हेनिसच्या महोत्सवात रौप्यसिंह मिळाला. शेतकऱ्यांची बाजू घेतल्याबद्दल हद्दपार झालेल्या एका प्रांताधिकाऱ्याची पत्नी सादो बेटावर वेश्यागृहात विकली जाते, आणि तिची दोन मुले सांशो नामक क्रूर अधिकाऱ्याच्या जहागिरीत गुलाम होतात. जुन्या दंतकथेवरून मोरी ओगाईने १९१५ साली लिहिलेल्या कथेचा हा चित्रपट. मात्र त्यात केलेले फेरफार डोळसपणे पाहण्यासारखे आहेत.

ओगाईच्या कथेत मुलांजवळ जिझोची, म्हणजे क्षितिगर्भाची मूर्ती आहे, आणि अखेरीस ती मस्तकी लावताच आंधळ्या आईला दृष्टी येते. मिझोगुचीने त्या जागी कान्नोन ठेवली. कान्नोन म्हणजे अवलोकितेश्वराचेच जपानी रूप; नावातच जगाकडे करुणेने पाहणे आहे! परंतु मूर्ती हाती येऊनही चित्रपटातील आईचे डोळे उघडत नाहीत. ती मूर्ती चाचपते आणि मुलाला ओळखते, इतकेच. भाविक प्रेक्षकाला हे प्रथम निष्ठुर वाटेल. मला मात्र ते देवत्वाची हेटाळणी करणारे वाटत नाही. वडिलांनी मूर्तीबरोबर दयेचा उपदेशही दिला होता. मुलगा झुशिओ प्रांताधिकारी होताच आपल्या अधिकाराची मर्यादा ओलांडून गुलामांना मुक्त करतो आणि लगेच पद सोडतो. त्या मूर्तीचा महिमा येथे घडून चुकलेला आहे. आईच्या डोळ्यांनी त्याची पुन्हा साक्ष देण्याची गरज दिग्दर्शकाला भासली नाही.

ओगाईकडे आंजु थोरली, झुशिओ धाकटा. मिझोगुचीने बहिणीला धाकटी केले. भावाचा ठावठिकाणा छळापुढे आपल्या तोंडून निघू नये म्हणून ती तळ्यात उतरते. मियागावाचा कॅमेरा तिच्याजवळ जात नाही. काही क्षणांनी पाण्यावर केवळ वर्तुळे उरतात. भावाच्या सुटकेची किंमत बहीण देते, हे मिझोगुचीने कल्पनेने रचलेले नव्हे, पण त्याच्याइतके कोणाला ते अंगी लागले असेल? त्या मानाने झुशिओची अधिकारपदाची चढण फार घाईने उरकली आहे. चित्रपटाची ही उणीव मानलीच पाहिजे.

याहून मोठी उणीव माणसात होती. त्याचा सहलेखक योशिकाता योदा आणि नटमंडळी यांना त्याच्या कठोरपणाचा जाच सोसावा लागे. अंध आईची भूमिका करणाऱ्या किनुयो तनाकाने ‘ओहारू’, ‘उगेत्सु’ असे त्याचे श्रेष्ठ चित्रपट आपल्या अभिनयाने तोलून धरले होते. ती १९५३ साली स्वतः दिग्दर्शिका झाली, तेव्हा तिच्या या उद्योगाला विरोध करणाऱ्यांत मिझोगुची होता. पडद्यावरील स्त्रीच्या दुःखाने ज्याचे मन द्रवे, त्याला शेजारी उभ्या असलेल्या स्त्रीची आकांक्षा सोसवली नाही. तरी त्याच्या चित्रांतील करुणेला मी ढोंग म्हणणार नाही. ज्याचे देणे फिटले नाही असा माणूस त्या चित्रांत दिसतो.

‘आकासेन चिताई’ हा त्याचा शेवटचा चित्रपट १९५६ च्या मार्चमध्ये प्रदर्शित झाला. त्याच वर्षी मे महिन्यात जपानने वेश्याव्यवसायाविरुद्ध कायदा केला, आणि ऑगस्टमध्ये मिझोगुची क्योटो येथे रक्ताच्या कर्करोगाने वारला. त्या चित्रपटाच्या अखेरीस एका कोवळ्या मुलीला रंगवून, नटवून प्रथमच दारात उभी करतात. आडोशामागून अर्धाच चेहरा काढून ती पहिल्या गिऱ्हाइकाला हळूच हाक मारते.